सात चिन्हांचे तीनशे सत्तेचाळीस

इजिप्तमध्ये नाईल नदीत एलिफंटाईन नावाचे बेट आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे हखामनी सम्राटांच्या पदरी असलेले ज्यू सैनिक कुटुंबांसह राहत. त्यांची कर्जखते, लग्नाचे करार, वर्गणीच्या याद्या अरामी लिपीत पपायरसवर उरल्या आहेत. एका यादीत मंदिरासाठी माणशी दोन शेकेल चांदी मांडलेली आहे.

असे आकडे मांडायचे कसे, ते ३४७ लिहून पाहू. अरामी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, आकडाही त्याच दिशेने. एककासाठी रेघा, त्याही तिनातिनांच्या गटांत. दहा, वीस, शंभर, हजार आणि दहा हजार यांना स्वतंत्र चिन्हे. आधी तीन रेघांचा गट आणि त्यापुढे शंभराचे चिन्ह; इथे गुणाकार, म्हणून तीनशे. मग विसाचे चिन्ह दोनदा. इथे बेरीज, म्हणून चाळीस. शेवटी तीन, तीन आणि एक मिळून सात. अशी सात चिन्हे झाली. ३०७ हवे असतील तर विसाची दोन्ही चिन्हे गाळली की झाले. शून्य लागतच नाही. भारतीय उपखंडाच्या वायव्येतली खरोष्ठी लिपी याच घराण्यातली. तिच्यातही विसाला वेगळे चिन्ह आहे.

संगणकावरच्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोड मानकाच्या ५.२ या आवृत्तीत, २००९ मध्ये, अरामी लिपीला जागा मिळाली. अंकांना यू+१०८५८ ते यू+१०८५एफ असे आठच संकेतांक आहेत: १, २, ३, १०, २०, १००, १,००० आणि १०,०००. चार ते नऊ यांना संकेतांक नाहीत. नऊ म्हणजे तिनाचे चिन्ह तीनदा.

देवनागरी अंकांची नोंद युनिकोडमध्ये 'दशमान अंक' अशी आहे. म्हणून '३४७' हा मजकूर पायथनसारखी संगणकभाषा थेट संख्या म्हणून घेते. अरामी चिन्हांना किंमत आहे, पण ती स्थानावरून बदलत नाही. त्यामुळे त्यांची नोंद 'इतर संख्याचिन्हे' या वर्गात होते आणि गुणाकार कुठे, बेरीज कुठे, हा नियम प्रोग्रामरला स्वतः लिहावा लागतो.

जागाही जास्त लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अंक ३ बाइटचा, अरामी चिन्ह ४ बाइटचे. म्हणजे आपले ३४७ मावतात ९ बाइटमध्ये, तर एलिफंटाईनच्या लेखनिकाच्या ३४७ ला लागतात २८.