लेकराचा श्वास मोजा

पावसाळ्यात व थंडीत घरोघरी लेकरांना सर्दी-खोकला होतो. बहुधा तो आपोआप बरा होतो. पण न्यूमोनिया असेल तर उशीर जिवावर बेततो. तो वेळीच ओळखण्यासाठी आम्ही सर्व आयाबापांना सांगतो, श्वास मोजा.

मूल शांत असताना मोजावे. रडताना किंवा दूध पिताना नाही. झबले वर करून पोटाकडे पाहावे. पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास. सेकंदकाट्यावर पूर्ण १ मिनिट मोजावे. तान्ह्याचा श्वास कमीजास्त होतो, म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नये.

२ महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावे. २ महिन्यांपासून वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक, म्हणजे श्वास जलद. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, मलूल पडले असेल किंवा झटके आले, तर मोजत बसू नये. काम टाकून तडक निघावे. पोटावर बिब्ब्याचे डाग देण्यात वेळ दवडू नये. त्याने श्वास सुधारत नाही, जखम मात्र होते.