विमानतळ ते जुनी इंदूर

2020 साली सांबऱ्याहून इंदूरला थेट विमान सुरू झाले, तेव्हा आमच्या गावच्या पारावर त्याची बरीच चर्चा रंगली. पुढे इंदूरला नात्यातले एक लग्न निघाले आणि सौ.सह आम्ही त्या विमानात बसलो. उतरायचे होते जुन्या इंदुरात.

देवी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा तो विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे. बाहेर येताच टॅक्सीवाले भोवती जमले. आम्ही भाडे आधी ठरवले, गाडीचा नंबर वहीत टिपला आणि मगच सामान आत ठेवले. परगावी एवढी काळजी घेतली तरी निम्मी फसगत टळते.

चालक तिशीतला तरुण. आमचे आपसातले बोलणे ऐकून म्हणाला, "काका, तुम्ही मराठी आहेत ना? माझी आजी पण मराठीच बोलत होती." त्याच्या बोलण्यातला हिंदी ढंग ऐकून आम्हाला हसू आले. तो एकदम गप्प झाला.

बडा गणपती मागे पडला. मल्हारगंज आले, मग होळकरांचा सातमजली राजवाडा दिसला. 1818 च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. इथे मल्हाररावांच्या नावाचे मल्हारगंज आहे, तुकोजीरावांच्या नावाचे तुकोगंज आहे. एका भागाचे नाव तर चक्क पंढरीनाथ! 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली. त्यातले शेवटचे तर आपल्या बेळगावच्या 2000 च्या संमेलनानंतर लगेचचे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याच दिवशी इंदूर मध्य प्रदेशात गेले.

नदी ओलांडून जुन्या इंदुरात शिरताना आम्ही त्याला विचारले, "मराठी बोलणे का सोडलेस?" तो म्हणाला, "बोलायला गेलो की मोठे लोक हसायचे. मग हिंदीच बरी वाटली."

आम्ही वरमलो. तासाभरापूर्वी आम्हीही तेच केले होते. त्याच्यावर कोणी भाषेची सक्ती केली नव्हती, कोणी फलक पुसला नव्हता. मल्हाररावांचे नाव पाटीवर जसेच्या तसे आहे. पण घरातल्या हसण्याने एका घराची मराठी गेली.

सीमाबांधवहो, मराठी फलकांसाठी, मराठी कागदपत्रांसाठी आपण झगडतो ते योग्यच आहे. पण फलकावर वाचली जाणारी भाषा आधी घरात बोलली गेली पाहिजे. मराठी शाळेत जन्म काढलेल्या आमचाच नातू इंग्रजी शाळेत जातो, ही कबुली इथे दिलीच पाहिजे. तो "आजोबा, मी वॉटर पितो" म्हणाला की आम्ही सगळे हसत होतो. कानडी वळणाने मराठी बोलणाऱ्या पोरांनाही वर्गात आम्ही हसलो आहोत.

उतरताना आम्ही त्या चालकाला म्हणालो, "तुझी मराठी छान आहे, बोलत राहा." ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त न घेता तो म्हणाला, "येतो मी, काका."

आता नातू चुकला की आम्ही हसत नाही. "पाणी पितोस? ये, दोघेही पिऊ," एवढेच म्हणतो.