'पाटस्थळ' या शब्दाचा अर्थ आणि खानदेशांतील फड

(१) इनामपत्रें चाळणाऱ्या वाचकांस "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप" ही मालिका तोंडपाठ झालेली असते. सनद कोणत्याहि घराण्याची असो, ही ओळ बहुधा यावयाचीच; म्हणून नक्कल उतरतांना ती 'इत्यादि' या एका शब्दांत गुंडाळण्याची चाल पडली आहे. तीच गत जमिनीच्या प्रतवारीची. जिराईत व बागाईत, आणि बागाइतांत पुन्हां मोटस्थळ व पाटस्थळ, हे भेद आपण वाचतों आणि पुढें जातों. मोटेनें भिजते ती मोटस्थळ व पाटाच्या पाण्यानें भिजते ती पाटस्थळ, हा अर्थ खरा आहे; परंतु तो अपुरा आहे. या दोन शब्दांमागें पाण्यावरील हक्काचे दोन निराळे प्रकार उभे आहेत, असें आमचें मत आहे. आणि खानदेशांतील फडांकडे पाहिलें असतां त्याचा उत्तम उलगडा होतो.

(२) मोटस्थळाचा प्रकार सोपा आहे. विहीर ज्याची, बैल ज्याचे, त्याचें पाणी. धाव, थारोळें, नाडा, सोंदूर हा सारा सरंजाम एका कुटुंबाच्या आवांक्यांतला. विहिरींत भाऊबंदांचे हिस्से पडले तरी त्यांच्या पाळ्या दिवसांवर ठरतात, आणि हिस्सा कोणाचा व किती हें सांगतां येतें. सारांश, येथें पाणी मोजतां येतें आणि त्यास धनी असतो.

(३) पाटस्थळाचें तसें नाहीं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे हल्लींच्या धुळें व नाशिक जिल्ह्यांत, नदीच्या पात्रांत दगडी बंधारे घालून पाणी पाटानें शेतांवर नेण्याची वहिवाट कित्येक शतकांची आहे. बंधाऱ्यानें पाण्याची पातळी उंचावते व तें आपल्या ओघानेंच पाटांत शिरतें; उपसण्याचें श्रम मुळींच नाहींत. पाटाची लांबी २ पासून १२ किलोमीटरपर्यंत आढळते. पाटांतून चाऱ्या व चाऱ्यांतून सारंग निघून पाणी शेतोशेतीं पोहोंचतें. या भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुधा चार भाग पाडलेले असतात. त्या प्रत्येकास 'फड' म्हणतात. फड लहानमोठे असून १० पासून २०० हेक्टरांपर्यंत त्यांचा विस्तार असतो. एका फडांत त्या वर्षीं एकच पीक. या वर्षीं एकांत ऊस, दुसऱ्यांत गहूं, तिसऱ्यांत ज्वारी अशी मांडणी असल्यास पुढील वर्षीं ऊस निराळ्या फडांत जातो. कोणत्या फडांत काय लावावयाचें हें शेताचा मालक ठरवीत नाहीं. गांवचे पंच ठरवितात.

पाणी देण्याचें कामहि मालकाकडे नाहीं. तें पाटकरी करतो. फडांतील शेतें क्रमानें भिजवीत जावयाचें, आणि आपल्या शेतास आधीं पाणी दे असें त्यास कोणीं सांगावयाचें नाहीं. पिकाच्या राखणीस जागल्या आणि या सर्वांवर देखरेखीस हवालदार असतो. त्यांचा मोबदला सुगीच्या वेळीं धान्यांत देण्याची रीत होती. बंधाऱ्याची डागडुजी व पाटांतील गाळ काढणें या कामांस प्रत्येक खातेदारानें माणूस द्यावा लागे. येथें 'माझें पाणी' असा शब्दच संभवत नाहीं. हक्क आहे तो फडांत शेत असण्याचा, आणि त्या हक्कास बंधाऱ्यावर राबण्याचें देणें जोडलेलें आहे.

(४) या व्यवस्थेचें मर्म दुष्काळांत दिसतें. खातेदारांचीं शेतें एका ठिकाणीं नसून निरनिराळ्या फडांत विखुरलेलीं असतात. नदीस पाणी कमी आलें तर पंच एक फड किंवा दोन फड कोरडे ठेवितात व उरलेल्यांस पुरेसें पाणी देतात. प्रत्येकाचें कांहीं शेत कोरड्या फडांत व कांहीं भिजत्या फडांत, त्यामुळें तूट सर्वांमध्यें वांटली जाते. पाटाच्या शेवटीं असलेला एकटाच बुडत नाहीं. यावरून एक गोष्ट लक्षांत येईल. एखाद्या कुणब्याच्या जमिनीचे चार तुकडे चार ठिकाणीं लिहिलेले पाहून आपण त्यास वांटण्यांनीं झालेली दुर्दशा समजतों. फडाच्या गांवीं तोच त्याचा विमा असूं शकतो.

(५) या व्यवस्थेचें दौर्बल्यहि तिच्या मुळांतच आहे. माणसें गेलीं कीं बंधारा गेला. होळकरी धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनीं खानदेश उजाड झाला, आणि १८१८ त प्रांत इंग्रजांकडे गेला तेव्हां पडक्या बंधाऱ्यांची वाण नव्हती. १८८० सालीं निघालेल्या मुंबई गॅझेटिअराच्या खानदेश खंडांत या कामांची नोंद आहे. सर मो. विश्वेश्वरय्या १८८४ त सरकारी नोकरींत शिरले व आरंभींच्या दिवसांत खानदेशांत होते. पांझरेच्या पाण्यासाठीं दातर्ती येथें नळाचें अवघड काम त्यांनीं पुरें केलें. पुढें दख्खनच्या कालव्यांवर त्यांनीं जी 'ब्लॉक' पद्धति पुरस्कारिली, तिच्यांतहि पिकें व पाणी गटवार बांधून देण्याचें तत्त्व आहे. फड पाहिलेल्यास तें नवखें वाटणार नाहीं.

(६) विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नद्यांच्या वरच्या अंगास धरणें झालीं. मोसमेवर हरणबारी, पांझरेवर लाटीपाडा. कांठोकांठ विहिरी व पंप वाढले. बंधाऱ्यांवर येणारा प्रवाह घटला, ज्यानें त्यानें आपलें पाणी पाहिलें, आणि पुष्कळ फड मोडले. कांहीं अद्याप चालू आहेत. पाटस्थळाचें मोटस्थळ झालें, असें जुन्या भाषेंत म्हणतां येईल. वहिवाट मोडली कीं तिचें ज्ञान कागदांतच उरतें. आणि फडाचे कागद म्हणजे पाटकऱ्याच्या धान्याचे हिशेब, डागडुजीच्या वर्गणीच्या याद्या, पाण्याच्या तंट्याचे महजर. त्यांवर मोठ्या नांवांचे शिक्के नसतात, म्हणून संग्राहक ते 'किरकोळ' म्हणून रद्दींत सोडतात.

अशा कागदांच्या कालनिर्णयांत एक सावधगिरी अवश्य आहे. सुहूर सन मृगापासून बदलतो, म्हणून तर त्यास मृगसाल म्हणतात. बंधाऱ्याची वैशाखांतील डागडुजी आणि आषाढांतील पेरणी एकाच इसवी सालांतली असली तरी दोहोंवरील सुहूर आंकडा निराळा येतो; पहिलीस ६०० व दुसरीस ५९९ मिळवावे लागतात. हें न पाहिल्यास एका हंगामाचे कागद दोन वर्षांत विभागले जातात.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२६ त धुळ्यास देह ठेवला, आणि त्यांच्या संग्रहासाठीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. तें धुळें पांझरेच्याच कांठीं आहे. गांवोगांवच्या दप्तरांत शिरून कागद वांचविण्याचा जो धडा त्यांनीं घालून दिला, तो फडाच्या वह्यांसहि लागू करावा, एवढीच आमची संग्राहकांस विनंति आहे. ज्या रुमालांत 'पाटस्थळ' हा शब्द आढळेल, तो रुमाल बांधून ठेवण्यापूर्वीं त्यांतील हिशेबाचा प्रत्येक चिठोरा उतरून घ्यावा. आणि सनदेंतील 'जल' हा पहिला शब्द 'इत्यादि'खालीं झांकूं नये.