ट्युशन एरियातला फ्लॅट

लातूरच्या शिवाजी चौकात रिक्षावाल्याला ‘ट्युशन एरिया’ एवढंच सांगायचं. पुढचं तोच विचारतो, ‘कोणत्या सरांकडं?’ इथं घर नंबर लागत नाही, विषय पुरतो. आमचा पत्ता ‘बायोलॉजीच्या मागं, दुसरा मजला’. संध्याकाळची बॅच आत्ताच सुटलीय. पाठीवर सॅक, हातात वह्या, एकमेकांना विचारत चाललेली उत्तरं. या लोंढ्यात रिक्षा जागची हलत नाही. मी पिशव्या घेऊन उतरते.

भाचीची नीटची तयारी चाललीय. बहीण तुरीची रास करायला मुखेडला गेलीय, म्हणून आता पाळी माझी. समोरच्या फ्लॅटात नातवासोबत आजी आहे. वरच्या मजल्यावर एका मुलीचे निवृत्त वडील आहेत. ते रोज खाली येऊन वरणाला किती पाणी घालायचं ते विचारून जातात. नांदेडला श्यामनगर-बाबानगरकडं गेलं तरी अशीच अर्धी-अर्धी बिऱ्हाडं दिसतील.

फ्लॅट ‘सर्व सोयींसह’ आहे, असं खालच्या पाटीवर लिहिलंय. दोन लोखंडी कॉट, गाद्या, फ्रिज, शेगडी, वायफाय आणि थंडीत पोत्यात गुंडाळून ठेवलेला कूलर. झाडू-पोछा, डबा आणि पहाटे साडेचारला उठवणं या सोयी मात्र घरच्या बाईनं सोबत आणायच्या. कपाट उघडते, तर दाराच्या आतल्या बाजूला आधी राहून गेलेल्या मुलींची अक्षरं. पेन्सिलीनं 412, खाली 468, मग 455, त्याच्यावर रागानं मारलेली काट, मग 530. सराव परीक्षांचे हे गुण, 720 पैकी. वेगळ्या अक्षरात एकीनं ‘ऑरगॅनिक!!’ लिहून त्याला चौकट काढलीय. भाचीनं त्या सगळ्याखाली हिरव्या पेनानं 496 लिहिलंय. मी वाचतेय हे दिसल्यावर ती दार लावून घेते. ‘मावशी, तिकडं नको बघू. चहा कर.’

राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी बारावीच्या मुलांना सराव परीक्षांचा रतीब घातला, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर झाला. गुणवत्ता यादी केव्हाच बंद पडली. पॅटर्न मात्र कॉलेजच्या वर्गांतून निघून या गल्ल्यांत राहायला आला. क्लासच्या फीबद्दल सगळे बोलतात. एका घराच्या दोन चुली होतात, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

साडेआठला जिन्यात डब्यांची खणखण होते. तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या काकू मूळच्या देगलूरच्या. मुलासाठी आल्या, मुलगा एमबीबीएसला गेला, काकू राहिल्या. प्रत्येक डब्याच्या कडीला रंगीत दोरा बांधलाय: लाल म्हणजे बिनतिखट, पिवळा म्हणजे भात जास्त, पांढरा म्हणजे उपास. ‘नावं लिहिली की पोरं एकमेकांचे डबे उघडून बघतात,’ त्या सांगतात. ‘दोऱ्याचं कुणाला कळत नाही.’ आज डब्यात मेथीचं वरण आहे. तरीही दहाच्या सुमाराला निम्मी पोरं कोपऱ्यावरच्या निलंगा राईसच्या गाड्यावर दिसतातच.

तेवढ्यात गच्चीवर मोटार चालू होते आणि मजल्या-मजल्यावरून बायका बादल्या घेऊन बाहेर येतात. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही. आज टाकी भरणार, हा निरोप वीज जाण्याच्या निरोपापेक्षा लवकर पसरतो. मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा, 11 एप्रिल 2016 ला, मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. समोरच्या आजींना ते उन्हाळ्याचे दिवस तोंडपाठ आहेत. भांडी घासलेलं पाणी त्या अजून मोरीत सोडत नाहीत, बादलीत धरतात आणि संडासात वापरतात. नातू कुरकुरतो. आजी त्याच्याकडं लक्ष देत नाहीत, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं.

अकरा वाजतात. गाडे उठतात, भाची परत टेबलाशी बसते. मी जारमधलं पाणी बाटलीत ओतून तिच्या हाताशी ठेवते.

तुम्हीही पुढच्या वर्षी मुलांसाठी खोली बघायला येणार असाल, तर दुपारी येऊ नका; दुपारी सगळ्याच खोल्या बऱ्या दिसतात. पहाटे या आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर नळ सोडून बघा. टाकी केवढी, तिच्यावर बिऱ्हाडं किती आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्या. करार मेअखेरपर्यंतचाच करा. नीट मे महिन्यात असते.