कच्चे शिंपले, अर्धकच्चे खेकडे आणि वैद्याची नोंदवही

वैनगंगाकाठच्या आरमोरीपासून समुद्र फार दूर आहे. मग शिंपल्यांतून उद्भवणाऱ्या साथींचा विचार आम्ही का करावा, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नदी-ओढ्यांतील खेकडे व शिंपले आमच्या भागातही आवडीने खाल्ले जातात, आणि निखाऱ्यावर घाईने भाजलेला खेकडा आतून कच्चा राहू शकतो.

१९८८ च्या प्रारंभी चीनमधील शांघाय शहरात सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली. सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरील शिंपले अर्धकच्चे खाणे, हे तिचे कारण ठरले. शिंपला पाणी गाळून आपले अन्न मिळवतो. त्यामुळे पाण्यातील विषाणू त्याच्या शरीरात साठतात. या काविळीची लक्षणे साधारण चार आठवड्यांनी दिसतात. म्हणूनच केवळ 'काल काय खाल्ले?' असे विचारणाऱ्या चिकित्सकास तिचे मूळ सापडणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मणिपूरमध्ये खेकड्यांतून होणारा फुप्फुसातील पर्णकृमीचा विकार उघडकीस आला. खोकला आणि रक्तमिश्रित थुंकी पाहून अशा रुग्णांवर क्षयाचे उपचार होत राहतात; थुंकीत कृमीची अंडी शोधल्यावरच निदान होते. कोरियात गोवरावर कच्च्या चिंगाटीचा रस पाजण्याच्या प्रथेतूनही हा कृमी पसरला. औषध म्हणून दिलेले द्रव्यच व्याधीचे कारण ठरावे, ही गोष्ट आम्हा वैद्यांस अंतर्मुख करणारी आहे.

साथीचा शोध मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, तर नोंदवहीत सुरू होतो. रुग्णाचे गाव, लक्षणांचा पहिला दिवस, भोजनाचे ठिकाण, पदार्थ आणि तो शिजविण्याची रीत लिहून ठेवावी. त्याच पंक्तीत जेवूनही जे आजारी पडले नाहीत, त्यांनी काय खाल्ले हेही विचारावे. या तुलनेशिवाय दोष निष्पाप पदार्थावर जातो. काही तासांत ओठ बधिर झाल्यास शिंपल्यातील शैवालजन्य विषाची शंका घ्यावी. ते विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही, म्हणून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांचे साहाय्यही मोलाचे आहे. एकाच गावातील अनेक जण दोन दिवसांत जुलाबाचे औषध नेऊ लागले, तर विक्रीची वहीच पहिली सूचना देते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावी.

चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, उदक, देश व काळ या चार भावांची दुष्टी सांगितली आहे. अनेकांना एकाच वेळी एकच व्याधी झाली, तर कारणही समान शोधावे, हा त्यातील बोध आहे. पुढील पावसाळ्यात खोकल्याचा रुग्ण समोर बसला, तर 'खेकडे खाल्ले होते का, कसे शिजविले होते?' एवढे दोन प्रश्न वैद्यबंधूंनी अवश्य विचारावेत, अशी आमची विनंती आहे.