पिंगळा दिवसा, कावड रात्री

"भाऊ, ह्याचे मेगापिक्सेल किती हायेत?" अमरावती-अकोल्याकडं पहिलाच कॅमेरा घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक बहुधा हाच प्रश्न आधी विचारतं. दुकानदारही आकडा सांगून मोकळा होतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्यावर खिसा रिकामा करण्यासारखंही काही नाही. ए-फोर कागदावर सुबक छपाई करायला नऊ मेगापिक्सेल पुरतात आणि आजचा साधा कॅमेराही त्याच्या पुष्कळ पुढं गेलेला आहे. 1975 साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्याचं चित्र 0.01 मेगापिक्सेलचं होतं आणि ते कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. त्या काळी आकड्याची हाव समजण्यासारखी होती.

आता विचारायचं ते वेगळंच. फोटो कशाचे काढायचे, किती लांबून आणि कसल्या उजेडात?

वऱ्हाडात या प्रश्नाला दोन उलटी उत्तरं मिळतात. एक मेळघाटात सागाच्या फांदीवर बसलेलं असतं, दुसरं श्रावणात गांधीग्रामहून अकोल्याकडं चालत येतं.

पहिलं उत्तर म्हणजे रानपिंगळा. जेमतेम 23 सेंटिमीटरचा हा पक्षी 1873 मध्ये शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला आणि 1884 नंतर तिथून गायबच झाला. मधल्या काळात त्याचा एक नमुना आपल्याला 1914 मध्ये मिळाल्याचा दावा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकानं केला होता. तो नमुना संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. अखेर नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत रानपिंगळा दिसला. पुढं मेळघाटातही तो सापडला आणि आज मेळघाट हे त्याच्या मोठ्या आश्रयस्थानांपैकी एक मानलं जातं. अशा पक्ष्याच्या बाबतीत फोटो ही हौस राहत नाही, तो पुरावा होतो. तारीख आणि वेळ फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदली जाते. फक्त कॅमेऱ्याचं घड्याळ आधी बरोबर लावलेलं हवं.

रानपिंगळ्याची एक सोय अशी, की तो घुबडाच्या जातीचा असूनही दिवसा वावरतो. उजेडाची चिंता नाही, अडचण अंतराची. इथं न बदलणाऱ्या लेन्सचा, लांब झूमवाला 'ब्रिज कॅमेरा' कामाला येतो. 2015 साली आलेल्या निकॉन पी 900 ची झूम 83 पट होती, म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत 2000 मिलिमीटर. एवढ्या पल्ल्याची लेन्स मोठ्या कॅमेऱ्यासाठी वेगळी घ्यायची तर तिच्या किमतीत चांगली मोटारसायकल येईल. अमरावतीच्या वडाळी तलावावर किंवा अकोल्याच्या कापशीला हिवाळी बदकं मोजायला जाणाऱ्यालाही असा कॅमेरा पुरतो.

मग प्रत्येकानं तोच का घेऊ नये? याचं उत्तर कावड देते.

अकोल्याची ही परंपरा 1944 च्या दुष्काळापासून चालत आल्याचं सांगतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारसाठी शिवभक्त गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि रात्रभर चालून सकाळी राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. खांद्यावर कावडी, भरण्यांच्या म्हणजे पाण्यानं भरलेल्या घड्यांच्या रांगा, ढोल, आणि उजेड म्हणावा तर ट्रॅक्टरवरचे दिवे नि रस्त्यावरचे खांब. माणसं हाताच्या अंतरावर असतात, पण थांबत नाहीत. पी 900 इथं हात टेकतो. त्याच्या सेन्सरचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चकतीचं, क्षेत्रफळ साधारण 28 चौरस मिलिमीटर. कॅननच्या साध्यातल्या साध्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या नि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात, ते सुमारे 332 भरतं, जवळपास बारापट. छपरावरून येणारं पाणी वाटीत धरायचं की परातीत, एवढा हा फरक आहे. वाटी लहान असली की कॅमेरा उजेडाची कसर आतल्या आत वाढवून भरून काढतो आणि चेहऱ्यांवर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके उमटतात.

मोठ्या सेन्सरनंही अर्धंच काम होतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 ची किट लेन्स रात्री अपुरी पडते. झूम नसलेली 50 मिलिमीटर, एफ 1.8 ही छोटी लेन्स घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं), तर त्याच 50 मिलिमीटरवर किट लेन्सच्या जवळपास नऊ-दहापट उजेड आत येतो. कॅननची अशी लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते. तिच्याइतका दामाजोगा फरक या धंद्यात दुसरी कुठलीच वस्तू पाडत नाही, असं बेलाशक म्हणता येईल. निकॉन घेणाऱ्यानं मात्र जपावं: डी 3000 आणि डी 5000 या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. 'एएफ-डी' प्रकारची जुनी स्वस्त लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हातानं फिरवावा लागतो.

कॅननचे 1500 डी आणि 3000 डी 2018 चे. 3000 डी मध्ये कंपनीनं काटकसर इतकी ताणली, की लेन्स जिथं बसते ती कडीसुद्धा प्लॅस्टिकची ठेवली. थोडे पैसे वाढवून 1500 डी घेणं शहाणपणाचं. आता दोन्ही कंपन्यांचा सगळा भर आरशाविना चालणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळं हौशी मंडळी जुने डीएसएलआर विकायला काढतात, आणि नवशिक्याच्या ते पथ्यावर पडतं. फोटो आरशामुळं बिघडत नाही. पिंगळा आणि कावड दोन्ही हवेत आणि पैसा एकाचाच आहे, तर लेन्स बदलणारा वापरलेला कॅमेरा, 50 ची लेन्स आणि पुढच्या दिवाळीला 55-250 ची, हा क्रम धरावा. ती 250 या सेन्सरवर 400 सारखी पडते. पिंगळा लहान दिसेल, पण ओळखू येईल.

फक्त चिखलदऱ्याचं धुकं आणि घरचे वाढदिवस टिपायचे असतील, तर खरं म्हणजे काहीच घेऊ नये. हातातला फोन पुरे.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर सोबत टॉर्च न्यावी. लेन्समधून आरपार उजेड टाकला की बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी लगेच दिसते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. मग एफ 16 वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून पाहावा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी उघडी पडते. लग्नाच्या सीझनमध्ये राबलेल्या कॅमेऱ्याचं शटर किती वेळा पडलंय हेही विचारावं. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, कॅननमध्ये बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं. नव्या कॅमेऱ्यावर "बिल नको असंल तं कमी करून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्या मोहात पडू नये. कॅमेऱ्यावरचा जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तो वाचवायच्या नादात वॉरंटी हातची जाते.

सगळी रक्कम कॅमेऱ्यातच घालवू नये, हेही आलंच. मेमरी कार्ड, जास्तीची बॅटरी आणि पिशवी यांना काही हजार लागतात, आणि बॅटरी तर कावडीच्या रात्री पहाटेच्या आत दगा देते.

राहिला प्रश्न वऱ्हाडच्या हवेचा. साध्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकात वापरायचं तापमान 0 ते 40 अंश छापलेलं असतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 ला टेकतो, म्हणजे पुस्तकाच्या हिशेबानं तिथं कॅमेरा काढूच नये! लोक काढतात आणि तो चालतोही, पण उन्हात उभ्या गाडीत तो विसरून रसवंतीवर बसलं की बॅटरीचं आयुष्य घटतं. पावसाळ्यात उलट तऱ्हा. चिखलदऱ्याहून ओलसर हवेत परतलेला कॅमेरा तसाच पिशवीत राहिला, तर पोळ्यापर्यंत लेन्सला बुरशी धरू शकते. त्यावर महागड्या कपाटाची गरज नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या चार पुड्या पुरतात. मात्र पुड्या ओलावल्या की त्या बदलाव्या लागतात.