कढईतली सात मिनिटं

चिरलेली फरसबी फोडणीत पडली की मिनिटभरात एक गंमत होते, आणि रोजचीच असल्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ताटात चिरून ठेवलेली शेंग जराशी धूसर, मळकट हिरवी असते. दोनदा परतली की तीच झगझगीत हिरवी दिसायला लागते. वास्तविक त्या मिनिटभरात शेंगेत हिरवा रंग कणभरही वाढलेला नसतो. शेंगेच्या पेशींच्या मधल्या फटींत हवा असते, आणि त्या हवेवर उजेड विखुरतो. कढईच्या आचेनं ती हवा प्रसरण पावून बाहेर पडते, फटींमध्ये पेशींतलं पाणी शिरतं आणि उजेड अडखळल्याशिवाय आतल्या हरितद्रव्यापर्यंत जातो. रंग होता तेवढाच राहतो, फक्त त्याच्यावरचा पडदा दूर होतो.

हा हिरवा टिकवायचा आणि शेंगही शिजवायची, एवढीच या भाजीची मागणी. मागणी साधी दिसते, पण या दोन गोष्टींची शर्यत लागलेली असते. पाच ते सात मिनिटांनंतर हिरवा शेवाळी व्हायला लागतो आणि पुढे खाकी. शेंग मात्र त्याआधी मऊ होईलच असं नाही. फरसबी (काही घरांत श्रावणघेवडा) करताना आपल्या घरांत ज्या खोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, बारीक चिरणं, ताटावर पाणी ठेवणं, लिंबू शेवटी पिळणं, त्या सगळ्या या शर्यतीत कुणाच्या तरी बाजूनं हात घालतात.

आधी हिरव्याचं पाहू. हरितद्रव्याचा रेणू म्हणजे कार्बन-नायट्रोजनचं एक मोठं कडं आणि त्याच्या बरोबर मध्ये बसलेला मॅग्नेशियमचा एक अणू. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या हीमचं कडंही जवळजवळ याच घाटणीचं, फक्त मध्ये मॅग्नेशियमऐवजी लोह. ही रचना उलगडायला रसायनशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या लागल्या. रिचर्ड विल्श्टेटर यांना 1915 साली वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, मुख्यतः हरितद्रव्यावरच्या कामासाठी नोबेल मिळालं, आणि हान्स फिशर यांना 1930 साली हीम आणि हरितद्रव्य या दोन्हींवरच्या कामासाठी. पान आणि रक्त यांची एकाच माणसानं एकाच वेळी चौकशी करावी, इतकं त्यांचं नातं जवळचं आहे.

मधला हा मॅग्नेशियमचा अणू तसा सैल बसलेला असतो. कच्च्या शेंगेत तो सुरक्षित असतो, कारण हरितद्रव्य एका कप्प्यात आणि पेशीतली आम्लं दुसऱ्या कप्प्यात. शेंग तापली की कप्प्यांच्या भिंती फुटतात आणि आम्लं मोकळी सुटतात. मग आम्लातले हायड्रोजन कड्यात शिरून मॅग्नेशियमला बाहेर काढतात. राहिलेल्या रेणूला फिओफायटिन म्हणतात आणि त्याचा रंग तो खाकी. लग्नाच्या पंगतीत तास-दोन तास झाकून ठेवलेली मिक्स भाजी आठवा, त्यातली फरसबी म्हणजे बव्हंशी फिओफायटिन.

आम्लच गुन्हेगार म्हटल्यावर आंबट पदार्थांचं काय होणार ते उघड आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू यांतलं काहीही सुरुवातीला पडलं की हिरवा लवकर जातो. वर शिजायलाही वेळ लागतो, ते कसं ते पुढे येईलच. म्हणजे आधी टोमॅटो परतून त्यात फरसबी घालणारा माणूस दोन्ही बाजूंनी नुकसान करून घेतो. चव चांगली लागत असेल, त्याबद्दल वाद नाही.

मग आम्ल मारायला खाण्याचा सोडा घालावा का? घातला तर हिरवा खरोखर टिकतो. पण सोडा शेंगेच्या पेशींच्या भिंतीही विरघळवतो आणि तुकडे बुळबुळीत होतात. शिवाय आपल्या फोडणीत हळद असते. हळदीला अल्कली लागली की ती लालसर होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच जोरावर. सोडा घातलेल्या भाजीच्या कडेला तेलात तांबूस डाग दिसले तर दोष तिखटाचा नाही.

हिरव्याला धरून ठेवायचा आणखी एक उपाय आहे, तो फार जुना आणि चांगलाच धोक्याचा: तांबं. मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागी तांब्याचा अणू बसला की पुन्हा भडक हिरवा रंग येतो, आणि तांबं सहजी हलत नाही. विलायतेतल्या जुन्या पाककृतींत लोणची हिरवीगार दिसण्यासाठी तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवायला किंवा तांब्याच्या नाण्यांबरोबर उकळायला सांगितलेलं असे. फ्रीड्रिख अकुम या लंडनमधल्या जर्मन रसायनज्ञानं 1820 साली भेसळीवर पुस्तक लिहिलं, त्यात या तांबेरी हिरव्यावर त्यानं सडकून लिहिलं. तरी पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले डबाबंद मटार आणि शेंगा मोरचुदाच्या पाण्यातून काढल्या जातच होत्या. आपल्याकडे कल्हई उडालेल्या पातेल्यात आंबट काही शिजवायचं नाही हा दंडक होता, तो याच तांब्याच्या भीतीनं. कढी, आमटी करणाऱ्या घराला दारावर येणारा कल्हईवाला का लागे, त्याचं हे उत्तर.

आता शर्यतीतला दुसरा गडी, मऊपणा. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिनमुळे. जॅम ज्यामुळे घट्ट होतो तेच हे पेक्टिन. शेंग मऊ होते म्हणजे हे पेक्टिन तुटतं, आणि ते साधारण 80-85 अंशांच्या वर नीट तुटायला लागतं. आम्लात ते तुटायला कुरकुर करतं, म्हणून टोमॅटोतली शेंग चिवट राहते. कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं, म्हणून बोअरच्या जड पाण्यात शेंगा शिजायला वेळ घेतात. मीठ उलट वागतं. त्यातला सोडियम थोड्याफार कॅल्शियमची जागा घेतो आणि गाठ सैल पडते. मीठ आधी घालावं की नंतर या वादात फरसबीपुरतं माझं मत आधी घालण्याच्या बाजूनं आहे. मिठानं शेंगेला पाणीही सुटतं, आणि त्या पाण्याचा पुढे उपयोग आहे.

पण मला या प्रकरणात सगळ्यात चकित करणारी गोष्ट 60 अंशांच्या आसपास घडते. शेंग तिथे बराच वेळ रेंगाळली तर ती मऊ होण्याऐवजी घट्ट होते. पेशीभिंतीत एक विकर असतं. ते कोमट उष्णतेत जागं होऊन पेक्टिनची अशी काही छाटणी करतं की शेंगेतलंच कॅल्शियम येऊन तिथे पक्कं बसतं. एकदा असं झालं की मग कितीही उकळा, शेंग आपला ताठा सोडत नाही. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यांत ही युक्ती मुद्दाम वापरतात, म्हणजे डब्यात शेंगांचा लगदा होत नाही. घरात ती नकळत घडू शकते: फ्रिजमधून काढलेली गार फरसबी, लहान कढईत शिगोशीग, खाली मंद आच. म्हणजे ‘मंद आचेवर सावकाश शिजवा’ हा वांग्याला लागू पडणारा सल्ला फरसबीला देऊ नये. सुरुवात मोठ्या आचेवर, रुंद कढईत. तो कोमट टप्पा झटकन ओलांडून पुढे गेलं पाहिजे.

बारीक चिरण्याचं महत्त्वही इथेच कळतं. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुकडा निम्मा जाड केला तर वेळ निम्मा नव्हे, पाव लागतो. विळीवर पाच-सहा शेंगांची मूठ धरून सरसर काढलेल्या चकत्या तीन-चार मिलिमीटरच्या असतात, आणि त्या शिजेपर्यंत हिरव्याला फिक्कट पडायला सवडच मिळत नाही. बोटभर लांब तुकडे दिसायला छान, पण त्यांना ही सवलत नाही. ते आधी उकळत्या पाण्यातून काढलेले बरे.

चिरण्याआधी शेंगा नीट करताना देठ मोडून शीर ओढून काढतो, तिच्यात तर फरसबीचा सगळा इतिहास आहे. रानटी शेंग ही मुळात बी उडवायचं यंत्र असते. शिवणीवरचे धागे आणि सालीच्या आतला चिवट पापुद्रा वाळताना पिळवटत जातात, ताण असह्य झाला की शेंग फटकन उकलते आणि बिया लांब जाऊन पडतात. सुमारे 8000 वर्षांपूर्वी माणसानं ही वेल माणसाळवली, तीही दोनदा, एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि स्वतंत्रपणे अँडीज पर्वतात. न उकलणाऱ्या शेंगांचं बी राखत राखत त्यानं हे यंत्र मोडलं. धागा मात्र उरला. न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावच्या कॅल्विन कीनी या बियाणेवाल्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनशिरेच्या शेंगांचे वाण निवडून काढले. त्यातला एक बर्पी कंपनीनं 1894 साली बाजारात आणला. बाजारातल्या कोवळ्या फरसबीला हल्ली शीर जवळजवळ नसते ती अशा निवडीमुळे. जून शेंगेत मात्र तो आतला पापुद्रा अजून भेटतो. तो पेक्टिनचा नसून लाकडाच्या जातीचा, त्यामुळे शिजून मऊ होणं त्याच्या नशिबात नाही. शेंग वाकवल्यावर कट्‌ आवाज करून मोडली तरच घ्यावी.

बाकी फोडणी नेहमीचीच. मोहरी फेसली तर नाकात जाते आणि तडतडवली तर खमंग लागते, कारण तिखटपणा तयार करणारं तिच्यातलं विकर कडकडीत तेलात मरतं. हिंग, हळद, हिरवी मिरची, फरसबी, मीठ. दोन-तीन मिनिटं मोठ्या आचेवर परतून झालं की ताट झाकायचं आणि ताटावर पाणी ओतायचं.

हे ताटावरचं पाणी म्हणजे पक्कं भौतिकशास्त्र आहे. शेंगेत वजनाच्या 90 टक्के पाणीच असतं. मिठानं आणि आचेनं ते सुटतं, त्याची वाफ होते, वाफ गार ताटाला लागून थेंब होते आणि परत भाजीत पडते. वरून पाण्याचा टिपूस न घालता भाजी करपत नाही. पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता तेच पाणी 0 पासून 100 अंशांवर न्यायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून जास्त. वाफ शेंगेवर येऊन विरली की ती सगळी उष्णता एकदम शेंगेच्या अंगावर टाकते. कढईत पाणी शिल्लक आहे तोवर तुकड्यांचं तापमान 100 च्या वर जात नाही, हा वर फायदा. तोटा एकच: शेंगेतली उडून जाणारी आम्लं ताटाखाली कोंडली जाऊन थेंबांबरोबर परत येतात. म्हणून ताट तीन-चार मिनिटंच, मग काढायचं. कुकरच्या आत तापमान 120 अंशांपर्यंत जातं, तिथे मऊपणा पहिल्या शिट्टीलाच जिंकतो आणि हिरव्याचा निकाल लागतो.

हिरव्याच्या लोभापायी शेंग कचवट ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. फरसबी, राजमा आणि कोरेगावकडचा वाघ्या घेवडा ही एकाच जातीची भावंडं. राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, इतकं की चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करवू शकतात. कोवळ्या शेंगेत ते बरंच कमी असतं, पण असतं. उकळत्या तापमानाला ते मोडतं. नुसत्या कोमट शिजवण्यानं मोडत नाही.

याच विषानं वैद्यकाला एक दार उघडून दिलं. प्रयोगशाळांत राजम्याचा अर्क वापरत ते रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या बाजूला काढण्यासाठी. 1960 साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं की अर्क घातलेल्या नमुन्यातल्या पांढऱ्या पेशी विभागायला लागल्या आहेत. एरवी रक्तात फिरणाऱ्या या पेशी तसं करत नाहीत. पेशी विभागताना पकडली तरच तिच्यातली गुणसूत्रं सुटी-सुटी दिसतात आणि मोजता येतात. तेव्हापासून साध्या रक्ताच्या नमुन्यावरून गुणसूत्रांची तपासणी करणं सोपं झालं. आजही त्या तपासणीच्या बाटलीत घेवड्याचं हे प्रथिन घालतात.

भाजी झाली की नाही ते तुकडा चावून पाहावं. दाताखाली करकर वाजली तर अजून दोन मिनिटं. झाली की लगेच कढईतून काढून पसरट भांड्यात घ्यावी. लोखंडी कढई आच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि आतलं रसायन घड्याळ बघून थांबत नाही. ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट वरून. लिंबू ज्याचं त्यानं पानात पिळावं. आणि डब्यात द्यायची असेल तर गरम असताना झाकण लावू नका. तशीच लावली तर सकाळी आठला हिरवीगार दिसलेली भाजी दुपारी एकला खाकी होऊन निघेल, आणि डबा उघडणारा म्हणेल, कालची दिलीत का?